रोमेनची डावरी बंदूक

माझी मामेबहीण रोमेन हॉकनबेरी हिने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पहिली बंदूक घेतली. तिला कॅम्पात घेऊ नये म्हणून ज्या पाच जणांनी हात वर केले, त्यांत एक हात माझा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी याहून वाईट काम केलं आणि तेही सांगावंच लागणार आहे.

हार्लन मामा त्या वर्षी एप्रिलमध्ये गेला. स्टोनी गॅपचा आमचा शिकारीचा कॅम्प त्याने आणि माझ्या वडिलांनी बावन्न साली बांधला. एक खोली, एक शेगडी, तेरा खाटा. तीन नंबरची खाट मामाची. बाकीचं पेनसिल्व्हेनिया थँक्सगिव्हिंगनंतर रायफली घेऊन दोन आठवडे धडाधड उडवून मोकळं होतं. आम्ही ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी निघतो, बर्फात, ठासणीच्या बंदुका घेऊन. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, बाहेरच्या पेल्यात चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, टाकायची आणि गारगोटीची ठिणगी पडून जाळ कानातून, म्हणजे नळीच्या बारीक भोकातून, आत जाईल अशी आशा धरायची. हरणाला पळायला भरपूर वेळ मिळतो. बऱ्याचदा ते पळतंच.

ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं मागचं शेपूट कापायचं, त्यावर नाव आणि साल लिहून भिंतीला ठोकायचं, ही आमच्याकडची रीत. सुरी खाली ठेवण्याआधी कॅम्पाचा प्रमुख दर वेळी विचारतो, "आज आणखी कोण चुकलं?" तेव्हा खोटं बोललेला माणूस आमच्या कॅम्पात नाही, असं आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगतो. भिंतीवर मामाची चार शेपटं आहेत. माझी तेव्हा नऊ होती.

नियम असा की मेलेल्या माणसाची खाट त्याच्या घरातल्या कुणालाही मागता येते. पण मागणाऱ्याने ख्रिसमसआधीच्या शनिवारी सगळ्यांसमोर स्वतःच्या बंदुकीने, स्वतः बार भरून, पन्नास यार्डांवरच्या पत्र्याच्या ताटलीत पाचांपैकी तीन गोळ्या घालायच्या. नाही जमलं तर खाट कॅम्पाची झाली. मामाला मुलगा नव्हता, जावई केव्हाच पळून गेला होता, तेव्हा तीन नंबर सुटला असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. काहींनी तर आपली गादी तिथे हलवायचंही मनात ठरवलं होतं.

जूनच्या बैठकीला गावच्या अग्निशमन केंद्राच्या मागच्या खोलीत रोमेन आली. शाळेच्या स्वयंपाकघरातून सरळ आलेली, अंगाला कांद्याचा वास. म्हणाली, बाबांची खाट मी मागतेय, नियमात असेल ते सगळं करीन. आमचा प्रमुख एलवुड बार्टो, जो भला माणूस आहे पण भीत भीत भला आहे, म्हणाला, "अगं, तिथं आम्ही आठवडा आठवडा आंघोळ करत नाही."

"ठाऊक आहे. एकतीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात होते मी. तुमच्या अंगावरचे निम्मे शर्ट माझ्या हाताखालून गेलेत. बाबांचे तर धुतलेतसुद्धा."

यावर सगळे हसले आणि त्या हसण्यातच आम्ही हरलो. सात विरुद्ध पाच मतांनी तिला परीक्षेला बसू द्यायचं ठरलं. मी विरोधात का होतो? खरं सांगायचं तर मला वर्षातून सहा दिवस पोट सुटलेल्या, दाढी न केलेल्या पुरुषांत राहायला आवडतं, आणि रोमेन जिथे जाते तिथे झाडू घेऊन जाते.

बाहेर पडताना मी तिला विचारलं की या वयात ही हौस कशाला. तिने गाडीचं दार उघडलं आणि माझ्याकडे न बघताच बोलली.

"दहा वर्षांची होते तेव्हापासून बाबा म्हणायचे, पुढच्या वर्षी नेईन. बर्फात आडव्या पडलेल्या एका हेमलॉकच्या झाडाच्या ओंडक्यावर ते बसायचे, तो ओंडका मला पाहायचा होता. त्रेचाळीस वर्षं मी खिडकीत उभी राहून त्यांच्या ट्रकची वाट पाहिली. आता मीच जाते."

मत विरोधात दिलं तरी बहीणच ती, म्हणून बंदूक निवडायला मी मदतीला गेलो, तेव्हा पहिली अडचण तिच्या डोळ्याची निघाली. एक्याऐंशी साली कारखान्यात मशीनची सुई तुटून उजव्या डोळ्यात गेली होती. त्या डोळ्याने तिला उजेड दिसतो, माणूस दिसत नाही. तेव्हा नेम धरायचा डाव्या डोळ्याने, म्हणजे दस्ता टेकायचा डाव्या खांद्याला. मामाची बंदूक घरात होतीच, पण तिचा चकमकीचा सगळा कारभार उजव्या बाजूला. डाव्या खांद्यावरून ती उडवली की रंजक थेट गालासमोर भडकते. रोमेनने एकदाच उडवून पाहिली. भुवई जळाली, आणि त्यानंतर चाप ओढायच्या आधीच डोळा मिटायला लागला. मी म्हटलं, सवय होईल. ती म्हणाली, ज्या मशीनला घाबरतो त्या मशीनवर कधी सरळ शिवण येत नाही.

मग आम्ही ओर्विल ट्रेस्टरकडे गेलो. ट्रेस्टर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, आयुष्यभर बंदुका घडवणारा, आणि गिऱ्हाईक दिसलं की वैतागणारा. डावऱ्या माणसांसाठी केलेल्या तीनच बंदुका त्याच्याकडे होत्या. पहिलीवर चांदीची वेलबुट्टी होती, मला ती फार आवडली. रोमेनने तिला हातसुद्धा लावला नाही. दुसरी तिने उचलली, आणि मग जे केलं ते पाहून ट्रेस्टरचा वैताग निघून गेला. तिने डोळे मिटले, बंदूक खांद्याला लावली, गाल टेकवला आणि मग डोळे उघडले. नळी कुठे बघतेय ते पाहिलं. बंदूक खाली ठेवली. तिसरी घेतली. पुन्हा डोळे मिटून तसंच. असं सात-आठ वेळा.

"ही बाही लांब आहे," तिसरी बंदूक हातात धरून ती म्हणाली. "पण खांदा बरोबर बसतोय."

ट्रेस्टरने दस्त्यावर पेन्सिलीने रेघ मारली. "एवढा कापतो. गालाला कुठे टोचतं का?"

"नाही."

"मग हीच घे. ही कुणाच्या तरी मापाची बनवली होती, तो न्यायलाच आला नाही. काळी-कुळकुळीत आहे, दिसायला काही नाही."

"मला कुठे तिच्याशी लग्न करायचंय," रोमेन म्हणाली.

जाताना ट्रेस्टरने एकच गोष्ट बजावली आणि ती मीही ऐकली, हे लक्षात ठेवा. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा पितळी खुंट, त्याने मुद्दाम उंच ठेवली होती. माशी उंच असली की गोळी खाली लागते. कानशीने थोडी थोडी घासत गेलं की गोळी वर चढते. पण आधी दारूचं माप आणि चिंधी पक्की करायची, सगळ्या गोळ्या एका जागी पडायला लागल्या की मगच कानस हातात घ्यायची. घासलेलं पितळ परत येत नाही.

माझ्या गवताच्या शेताला मागे मातीचा उंच बांध आहे. सप्टेंबरपासून दर शनिवारी रोमेन तिथे यायची. पंचवीस यार्डांवर पुठ्ठा, टेबलावर वाळूची पिशवी, त्यावर बंदूक. मी शेजारी खुर्ची टाकून कॉफी पीत सल्ले द्यायचो. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच.

गोळ्या कुठेही जात. एक खाली डावीकडे, एक खाली उजवीकडे, एक पुठ्ठ्याबाहेर. मी म्हणालो की तू दचकतेस. तिने मला मागून तिच्या डोळ्यांवर लक्ष ठेवायला लावलं. दचकत नव्हती. मी म्हणालो की नळीच खराब आहे. तिने शेतात जाऊन उडालेल्या चिंध्या गोळा करायला सुरुवात केली. बार उडाला की चिंधी गोळीपासून सुटून पंधरा-वीस पावलांवर पडते. रोमेनने अशा वीस चिंध्या टेबलावर मांडल्या आणि एकेक उजेडात धरून पाहिली, कारखान्यात माल तपासावा तशी.

"हे दुकानातलं कापड विरळ आहे," ती म्हणाली. "बघ, नळीतल्या आट्यांनी कापलंय. इथून जाळ पुढे जातो. गोळी सरळ कशी जाईल?"

मी म्हटलं, आम्ही सगळे हेच कापड वापरतो. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. माझी नऊ शेपटं तिला ठाऊक होती.

पुढचे पाच शनिवार तिने कापडं आणली. गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या खोळीचं, जीनचं, लिनन, पडद्याचं. प्रत्येक आधी खळ निघेपर्यंत धुतलेलं, अंगठा आणि बोटामध्ये चोळून जाडी ठरवलेलं, वहीत नोंदलेलं. प्रत्येक कापडाच्या पाच गोळ्या, दर गोळीनंतर नळी पुसून. एवढं सगळं बघत बसणं माझ्या जिवावर आलं. आणि गोळ्या अजून खालीच पडत होत्या, चार बोटं, पाच बोटं खाली. मी सांगत होतो, अगं कानशीचे दोन हात मार माशीवर, वर येतील. ती म्हणायची, आधी माप, मग कात्री.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी ती माझ्या घरात हात धुवायला गेली. बंदूक टेबलावर होती. माझ्या खिशात कानस होती. मदत म्हणून केलं की तिची ती शांत मुजोरी मोडावी म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही. पाच-सहा हात मारले. पितळाची भुकटी फुंकली. मग पुन्हा खुर्चीत बसलो आणि मूग गिळून कॉफी प्यायलो.

त्याच दिवशी तिला कापड सापडलं. गादीच्या जुन्या खोळीचं, घट्ट विणीचं, आजीच्या वेळचं. चिंध्या शेतातून आख्ख्या परत आल्या, कडा जरा करपलेल्या, बस. आणि पाचही गोळ्या एका मुठीत मावतील अशा पडल्या, फक्त नेमाच्या कितीतरी वर. घट्ट कापडाने दारूचा जोर वाया जाणं थांबलं होतं, त्यामुळे गोळी आपसूक वर चढली होती. ती मूठ ट्रेस्टरने ठेवलेल्या माशीवर बरोबर बसली असती. माझ्या कानशीने ती आणखी वर नेऊन ठेवली. पन्नास यार्डांवर गोळी ताटलीच्या काठावरून निघून जाणार होती.

रोमेनने बंदूक उलटी धरून माशी डोळ्याजवळ नेली. सगळं पितळ काळवंडलेलं आणि वरची कड लख्ख.

"वॉरेन."

मी कपातली उरलेली कॉफी गवतात ओतली.

"पाच आठवडे मी ते कापड शोधत होते."

मी म्हणालो, मला वाटलं मदत होईल. तिने सामान आवरलं, वही पिशवीत ठेवली आणि गेली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. परीक्षेपर्यंत तिने पुन्हा माझ्या शेताकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढचं मला ट्रेस्टरकडून कळलं. ती त्याच्याकडे गेली आणि खिशातून एक पितळी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. कारखान्यात हजेरीला द्यायचे तसला, एकशे चौदा नंबरचा. कारखाना बंद झाला त्या दिवशी तिने तो परत केला नव्हता. म्हणाली, यातून माशी कापा, उंच ठेवा. कोणी घासली ते तिने सांगितलं नाही. ट्रेस्टरने विचारलं तेव्हा म्हणाली की घाई झाली. कुणाची ते नाही. मग त्याच्याच मागच्या कुरणात तिने ती नवी माशी घासली. दोन हात, तीन गोळ्या. दोन हात, तीन गोळ्या. हात गारठून बोटं हलेनाशी झाली की बगलेत धरायची आणि पुन्हा. ट्रेस्टर म्हणाला, "पन्नास वर्षांत असं हट्टी माणूस पाहिलं नाही. आणि तुझं नाव तिने घेतलं नाही म्हणून मी ते ओळखलं."

परीक्षेच्या शनिवारी कॅम्पामागच्या मोकळ्या जागेत आम्ही बारा जण पायावर पाय आपटत उभे होतो. ताटली पन्नास यार्डांवर खिळ्याला टांगलेली. पहिली गोळी लागली, ताटली टणकन वाजली आणि झुलायला लागली. दुसऱ्या वेळी रंजक भडकली आणि आतला बार पेटलाच नाही. एलवुड गडबडला, हा मोजायचा की नाही यावर चर्चा सुरू झाली. रोमेन म्हणाली, "मोजा. बंदुकीचा कान साफ करायला विसरले, चूक माझी." तिसरी लागली. चौथी ताटलीच्या वरून गेली, बोटभर.

आता एकच उरली होती. आमच्या नियमात एक पळवाट आहे. बंदुकीत दोष निघाला किंवा तिला कुणी हात लावला असं सांगितलं तर पुढच्या वर्षी पुन्हा संधी मिळते. एलवुडने ती तिला वाचून दाखवली, अगदी ममतेने, आणि विचारलं की बंदुकीबद्दल काही सांगायचंय का.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहिलं. तोंड उघडून खरं सांगायची तीच वेळ होती आणि मी ती घालवली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"बंदूक चांगली आहे," रोमेन म्हणाली.

तिने नळी पुसली. दारू मापली. खोळीची चिंधी थुंकीने ओली केली, गोळी ठासली, गजावरच्या खुणेवर बोट ठेवून ती पूर्ण तळाला गेल्याची खात्री केली. पिसाच्या काडीने कान साफ केला, दोनदा. रंजक टाकली, जास्तीची झटकली. इतका वेळ लावला की कुणीतरी मागे जांभई दिली. मग बार उडाला, धूर झाला, आणि धुराच्या पलीकडून ताटली वाजल्याचं आम्ही ऐकलं. एलवुडने टोपी काढली. तीन नंबरची खाट तिची झाली.

ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी ती मामाच्या ओंडक्यावर बसली. तो कुठला हे तिला मी दाखवलं. तेवढंच माझ्याकडे देण्यासारखं होतं. एव्हाना तो अर्धा कुजला होता आणि वर वीतभर बर्फ. तिने बर्फ हाताने बाजूला सारला आणि ओंडक्यावर तळवा ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. मी तिथून निघालो.

दुपारी एक बार ऐकू आला. तासाभराने ती कॅम्पात आली, नाक लाल, आणि दारातच म्हणाली, "चाळीस यार्डांवर मादी होती. पाठीवरून गेली गोळी. चुकले मी."

कुणी पाहिलेलं नव्हतं. वारा होता, हात घसरून बार उडाला असं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण तिचा चेहरा असा उजळला होता की जणू सुवर्णपदकच मिळणार होतं. एलवुडने पाव कापायची सुरी उचलली. रोमेनने त्याचा हात बाजूला केला आणि पिशवीतून स्वतःची शिंपिणीची कात्री काढली. "त्या बोथट सुरीने माझ्या शर्टाचे धागे काढू नकोस." मग पाठ केली. एलवुडने तिच्या शर्टाचं शेपूट कापलं, तिने त्यावर नाव आणि साल लिहिलं आणि मामाच्या चौथ्या शेपटाखाली ते स्वतः ठोकलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

एलवुडने रिवाजाप्रमाणे विचारलं, "आज आणखी कोण चुकलं?"

मी खुर्चीतून उठलो. म्हणालो, मी, पण आज नाही, ऑक्टोबरमध्ये. कानशीचं सगळं सांगितलं, परीक्षेच्या दिवशी गप्प राहिलो तेही. मग मी शर्ट पँटीतून बाहेर काढला आणि भिंतीकडे तोंड केलं. कात्री एलवुडने उचलावी असं मला वाटत होतं, पण मागून कांद्याचा वास आला.

"सरळ उभा राहा," रोमेन म्हणाली. "थरथरू नकोस, तिरकं जाईल."

तिने कापलं. एका रेषेत, एकदाच. मग कड चिमटीत धरून उलटीसुलटी पाहिली.

"हा माझ्याच मशीनवरचा आहे," ती म्हणाली. "ही दुमड माझी. चांगला होता शर्ट. पुढच्या वर्षी तुला नवा शिवून देईन."

पुढच्या वर्षी दिला.